उतारा वाचून होतो, पण उत्तर सापडत नाही

प्रश्न (दहावीतील मुलीची आई):
माझी मुलगी अपठित उतारा न अडखळता वाचते. मात्र ‘कारणे लिहा’ ही कृती आली की नजरेला पडेल ते पहिले वाक्य उतरवून मोकळी होते. घरी नेमके काय करून घ्यावे?

उत्तर १ (माध्यमिक शिक्षिका):
ओघवते वाचन म्हणजे आकलन नव्हे. प्रत्येक परिच्छेदानंतर पुस्तक झाकून त्याचा आशय तिला एका वाक्यात, स्वतःच्या शब्दांत सांगायला लावा. जिथे ती अडेल तेवढाच भाग पुन्हा वाचायचा. शिवाय ‘म्हणून’, ‘तरीही’, ‘कारण’ या शब्दांखाली पेन्सिलीने रेघ ओढू द्या. ‘पाऊस लांबला, तरीही शेतकऱ्यांनी पेरणी केली, कारण विहिरींना पाणी होते’ या वाक्यात पेरणीचे कारण विहिरीत आहे. घाईने वाचणारी मुले पाऊस लिहून येतात.

उत्तर २ (शिक्षक-प्रशिक्षक):
पॅलिंसर आणि ब्राउन या अमेरिकेतील संशोधिकांनी १९८४ मध्ये मांडलेल्या पद्धतीत मुले आळीपाळीने शिक्षकाची जागा घेतात आणि पुढचा अंदाज बांधणे, प्रश्न विचारणे, अडलेले उलगडणे व सारांश सांगणे ही चार कामे करतात. माझ्या मते यातले प्रश्न विचारणे सर्वांत मोलाचे आहे. उताऱ्यावर प्रश्न मुलीने काढावेत आणि उत्तरे तुम्ही द्यावीत. ‘का’ने सुरू होणारा चांगला प्रश्न उतारा समजल्याशिवाय सुचत नाही.

उत्तर ३ (ग्रंथपाल):
विषयाची तोंडओळख नसेल तर या युक्त्या अपुऱ्या पडतात, म्हणून शेती, विज्ञान, इतिहास असे विविध विषयांवरचे अवांतर वाचनही चालू ठेवावे.