केसपेपरवरून 'आदर्श वजन' हा शब्द काढून टाकावा का?

आकडेमोड्या: काढावाच. हे वजन उंचीवरून काढतात, ते डिवाइनचं सूत्र १९७४चं. पुरुषाला ५० किलो, बाईला ४५.५, आणि पाच फुटांवरच्या दर इंचाला २.३ किलो. ते ज्या लेखात आलं, तो होता जेंटामायसिन या अँटिबायोटिकच्या डोसवर. आदर्श शरीर कसं असावं, हा त्याचा विषयच नव्हता. पाच फुटांखाली उलटं वजा करत गेलात तर १०३ सेंटिमीटरच्या बाईचं 'आदर्श' वजन एक किलोही भरत नाही!

रात्रपाळी: शब्द काढा, आकडा काढू नका. आयसीयूत रोज लागतो. समजा १६५ सेंटिमीटर उंचीचा, ११० किलोचा पुरुष व्हेंटिलेटरवर आहे. काट्यावरचं वजन धरून किलोला ६ मिलि दिली, तर दर श्वासाला ६६० मिलि हवा आत जाईल. माणूस जाड झाला म्हणून फुप्फुसं वाढत नाहीत हो, ती उंचीच्या मापाने असतात. सूत्राने वजन येतं ६१.५ किलो, हवा ३७० मिलि. एआरडीएसच्या, म्हणजे फुप्फुसं अचानक गंभीर निकामी होण्याच्या आजाराच्या, २००० सालच्या चाचणीत याच हिशोबाने १२ऐवजी ६ मिलि दिली, तेव्हा मृत्यूचं प्रमाण ३९.८ टक्क्यांऐवजी ३१ टक्के आलं. हे तुमच्या 'एक किलोच्या बाई'ने खोडून निघत नाही.

आकडेमोड्या: मग 'उंचीवरून काढलेलं वजन' लिहा ना! माझ्या आईच्या कागदावर कुणीतरी 'आदर्श ५२' खरडलं होतं. डोससाठीच असणार. तिने महिनाभर रात्रीचं जेवण सोडलं.

गोळीवाली: औषध कोणतं, ते दोघेही विचारत नाही. जेंटामायसिन चरबीत फारसं शिरत नाही, म्हणून लठ्ठ रुग्णाला सूत्राच्या वजनात जादा वजनाचे ४० टक्के मिळवून धरतात. एनॉक्सापॅरिन या रक्त गोठू न देणाऱ्या इंजेक्शनचा उपचाराचा डोस मात्र प्रत्यक्ष वजनावर. रुग्ण सूत्रापेक्षा हडकुळा असेल तर सूत्र बाजूला, काट्यावरचंच वजन घ्यायचं. आणि सूत्रं तरी कुठे एकमताची? सहा फुटी पुरुषाला डिवाइनचं सूत्र ७७.६ किलो देतं, मिलरचं ७३.१.

आकडेमोड्या: बघा! साडेचार किलोंचा फरक, आणि नाव 'आदर्श'.

रात्रपाळी: साडेचार किलोंचं काय घेऊन बसलात, बेशुद्ध माणसाची उंची नजरेनेच लिहिलेली असते. दोन इंच चुकलात की तेवढेच किलो गेले. उभं करता येत नसेल तर कोपरापासून मनगटापर्यंतचं हाड मोजा, त्यावरून उंचीचा अंदाज निघतो. टेप खिशात ठेवा, नाव मग काय हवं ते द्या.