मदत हवी आहे: पद्मिनी अर्ध्या तासाने बंद पडते, रविवारी वाईला जायचंय

खंबाटकीचा_वाटसरू
आमची पद्मिनी दोन आठवड्यांपासून चालता चालता बंद पडतेय. आधी मिसिंग, मग एकदम गप्प. काल खंबाटकीच्या चढावर पाऊण तास उभे होतो. कार्बुरेटर साफ केलाय, पेट्रोल भरपूर आहे. रविवारी बाबांचा पंचाहत्तरावा वाढदिवस वाईला करायचाय आणि त्यांना याच गाडीतून जायचंय. कोणीतरी लवकर सांगा.

कुर्ला_1100
कोणत्या सालची? थोडं थांबल्यावर सुरू होते का? बंद पडते तेव्हा तापमानाचा काटा कुठे असतो? एवढं कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

घाटमाथा
सांगायला काय लागतं! पेट्रोल पंपात वाफ धरतेय. यांत्रिक पंप इंजिनाला चिकटून बसलेला, तो तापला की आत पेट्रोलची वाफ होते आणि कार्बुरेटरला काही पोचत नाही. पंपावर ओलं फडकं गुंडाळा आणि दहा मिनिटं थांबा. वडिलांनी बावीस वर्षं टॅक्सी चालवली, उन्हाळ्यात घाट चढताना ओलं फडकं कायम हाताशी असायचं.

खंबाटकीचा_वाटसरू
1984 ची. हो, वीस-पंचवीस मिनिटांनी सुरू होते आणि परत तेवढीच चालते. काटा मधोमध. फडकं कालच गुंडाळलं होतं, फरक पडला नाही.

जुनं_लोखंड
फडक्याचा काळ गेला. आता पंपावर मिळतं त्यात 20 टक्के इथेनॉल आहे. पद्मिनीचे रबरी पाइप आणि पंपाचा डायफ्रॅम, म्हणजे आतला रबरी पडदा, त्यासाठी बनलेलेच नाहीत. रबर फुगतं, सुटतं, त्याचा चुरा कार्बुरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे बारीक भोकात, अडकतो. सगळे पाइप बदला, नवा डायफ्रॅम टाका. मी माझ्या गाडीचे गेल्या वर्षीच बदलले.

घाटमाथा
चुरा अडकला तर तो वीस मिनिटांनी आपोआप निघून जातो का? गाडी थंड झाली की चालते, म्हणजे दोष उष्णतेचा आहे.

जुनं_लोखंड
इथेनॉल असलं की वाफही लवकर धरते. दोघांचं म्हणणं एकच आहे, तुम्ही उगाच भांडताय.

आरटीओ_माहिती
1984 ची असेल तर नोंदणीचं नूतनीकरण झालंय ना? पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी करावं लागतं, पर्यावरण करही भरावा लागतो. व्हिंटेज म्हणून नोंदवायला पन्नास वर्षं पूर्ण लागतात, तुमची बसणार नाही.

खंबाटकीचा_वाटसरू
कागद चोख आहेत. प्रश्न इंजिनाचा आहे.

कुर्ला_1100
भाऊ, आधी करंट तुटतोय की पेट्रोल, हे ठरवा, नाहीतर सगळी गाडी बदलून होईल. पुढच्या वेळी बंद पडली की लगेच, गार व्हायच्या आत दोन गोष्टी बघा. एअर क्लीनर काढून कार्बुरेटरमध्ये डोकवा आणि हाताने एक्सलरेटर ओढा, पेट्रोलची धार दिसली पाहिजे. मग डिस्ट्रिब्युटरच्या मधली जाड वायर काढा, रबराच्या हातमोज्याने धरून तिचं टोक इंजिनाच्या लोखंडापासून थोडं लांब ठेवा आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. निळी, कडक ठिणगी हवी. हे करताना आसपास पेट्रोल सांडलेलं नको. आणि दोन आठवड्यांपूर्वी गाडीला काय काय केलं, तेही सांगा.

टॅक्सीची_आठवण
पद्मिनीचं नाव वाचून राहवलं नाही. ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी बंद झाली तेव्हा फार वाईट वाटलं होतं. स्टिअरिंगजवळचा तो गिअरचा दांडा अजून हाताला आठवतो. तुमची जपा हो.

खंबाटकीचा_वाटसरू
आज मुद्दाम कात्रजपर्यंत नेली. बंद पडल्याबरोबर पाहिलं: पेट्रोलची धार आहे, ठिणगी जवळजवळ नाही, आहे ती पिवळट. दोन आठवड्यांपूर्वी फक्त सर्व्हिसिंग केलं. प्लग, ऑइल, आणि ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी कॉइल जुनी दिसते म्हणून मेकॅनिकने नवी टाकली.

कुर्ला_1100
'फक्त सर्व्हिसिंग'मध्येच उत्तर आहे! कॉइलला हात लावून बघा, चटका बसेल. मग ती गार झाल्यावर दोन्ही बारीक वायरी काढा आणि मल्टिमीटरने त्या दोन टोकांमधला रोध मोजा. पॉइंट (कॉइलचा करंट जोडणारे-तोडणारे संपर्क) आणि कंडेन्सर (त्या संपर्कांना जळण्यापासून वाचवणारा छोटा डबा) असलेल्या, पण बॅलास्ट (करंट कमी करणारा वेगळा रोधक) नसलेल्या गाडीला साधारण 3 ओहमची कॉइल लागते. बॅलास्टबरोबर चालणारी कॉइल दीड ओहमच्या आसपास असते. ती थेट 12 व्होल्टवर लावली की 4 ऐवजी 8 अँपिअर ओढते, तापते, ठिणगी मरते आणि पॉइंटही जळतात. दिसायला दोन्ही सारख्याच.

घाटमाथा
कंडेन्सरही तापला की असाच दगा देतो. वीस मिनिटांनी सुरू होणं हे कंडेन्सरचंही लक्षण आहे.

कुर्ला_1100
हे मान्य. पण आधी मोजा, कारण कॉइल बदलल्यावरच त्रास सुरू झालाय.

खंबाटकीचा_वाटसरू
मोजली. 1.6 ओहम. जुनी कॉइल बाबांनी डिकीत फडक्यात गुंडाळून ठेवली होती, ती 3.1. जुनीच परत बसवली. पॉइंट काळे पडून खड्डे पडले होते, ते आणि कंडेन्सर नवे टाकले, गॅप 0.4 मिमी ठेवला. संध्याकाळी खंबाटकी चढून वाईला जाऊन आलो, दोन तास गाडी एकदाही अडखळली नाही. घाटमाथा दादा, फडकं डिकीत ठेवलंय. कुर्ला दादा, रविवारी बाबा पुढच्या सीटवर बसणार आहेत.

जुनं_लोखंड
डायफ्रॅम मात्र बदलाच.