माझी फाइल कुणी कुणी उघडली, हे मला कळू शकतं का?

रात्रपाळी :
मी नऊ वर्षं नर्स आहे. मध्यंतरी माझं एक छोटं ऑपरेशन झालं, मी जिथे काम करते त्याच हॉस्पिटलमध्ये. नवऱ्याशिवाय घरातही कुणाला सांगितलं नव्हतं. रजा संपवून रुजू झाले त्या दिवशी सलाईन लावायला निघाले होते, तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरची एक सहकारी भेटली. म्हणाली, "बायोप्सी क्लिअर आली ना गं? सुटलीस बाई!"

ती मायेनेच बोलली. पण बायोप्सीचं मी तिला सांगितलेलं नव्हतं. हातातल्या बाटलीवरचं लेबल मी तीनदा वाचलं, डोक्यात काही शिरेना.

पूर्वी केसपेपर कपाटात असायचे. आता नाव टाकलं की कुठल्याही मजल्यावरून सगळं दिसतं. तिची तक्रार करून नोकरी घालवायची नाहीये मला. किती जणांनी पाहिलं, एवढंच कळायला हवंय. कुणाकडे मागू?

निवांत :
सगळा डेटा एन्क्रिप्टेड, म्हणजे सांकेतिक लिपीत कुलूपबंद असतो हो, बाहेरच्या कुणाला काही दिसत नाही. उगाच काळजी करू नका.

नोंदविभाग :
निवांत, एन्क्रिप्शन सर्व्हर चोरणाऱ्याला अडवतं. ज्याच्याकडे वैध लॉगिन आहे त्याच्यासमोर मजकूर उलगडूनच येतो, आणि ताईंचा प्रश्न अशाच माणसाबद्दल आहे.

ताई, मी हॉस्पिटलच्या नोंदींचं काम बघतो. तुम्हाला हवाय तो ऑडिट लॉग, म्हणजे फाइल कुणी, कधी उघडली याची सिस्टिमने ठेवलेली नोंद. अर्ज तोंडी नको, लेखी करा, आणि त्यात स्पष्ट लिहा की नुसते बदल नकोत, "पाहिल्याच्या" नोंदीही हव्यात. काही सिस्टिम्समध्ये कुणी काय बदललं तेवढंच साठवतात आणि कुणी नुसतं वाचून गेलं त्याचा मागच राहत नाही. लॉगिन, तारीख, वेळ, कुठला संगणक आणि कुठलं पान, हे सगळं मागा. लवकर मागा, कारण जुने लॉग काही काळाने पुसले जातात.

तुमचं वाचून फिनलंडचा खटला आठवला. तीही नर्स होती, एका सरकारी हॉस्पिटलच्या नेत्रविभागात. तिला एचआयव्ही होता आणि उपचार त्याच हॉस्पिटलात चालू होते. १९९२ च्या सुरुवातीला तिला वाटायला लागलं की सहकाऱ्यांना कळलंय. तेव्हा तिथल्या कर्मचाऱ्यांना रुग्णांच्या नोंदी मोकळ्या होत्या. पुढे तिने विचारलं, माझी नोंद कुणी पाहिली? तर सिस्टिममध्ये फक्त शेवटच्या पाच वेळा दिसत होत्या, त्याही विभागाच्या नावाने. माणूस नाहीच. पुरावा नाही म्हणून तिथल्या कोर्टांत ती हरली. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने मात्र १७ जुलै २००८ ला तिच्या बाजूने निकाल दिला. न्यायालयाचं म्हणणं असं की कोण पाहतंय यावर हॉस्पिटलने नीट नियंत्रण आणि नोंद ठेवली असती, तर कोर्टात तिची बाजू इतकी लंगडी पडली नसती. पुरावा मुळात ठेवलाच नाही आणि तो आणण्याचा भार मात्र तिच्यावर, हे न्यायालयाने मान्य केलं नाही.

एक विचारतो, राग मानू नका. तुमच्याकडे प्रत्येकजण स्वतःच्याच लॉगिनने काम करतो का?

कॅज्युअल्टी :
डॉक्टर म्हणून एक बाजू मांडतो. फाइल्स फार घट्ट बंद करू नका. बेशुद्ध पेशंट येतो, त्याला पेनिसिलीनची अ‍ॅलर्जी आहे का हे मला त्याच क्षणी दिसलं पाहिजे. आमच्याकडे यासाठी "ब्रेक द ग्लास" आहे. माझा पेशंट नसला तरी फाइल उघडता येते, पण आधी कारण लिहावं लागतं आणि दुसऱ्या दिवशी एक माणूस ती यादी बघतो. तो बघणारा माणूस रजेवर होता त्या महिन्यात कारणाच्या रकान्यात लोक नुसता ठिपका टाकत होते. तो परत आला आणि ठिपके बंद झाले.

रात्रपाळी :
तीन आठवड्यांनी लिहिते आहे. लॉग मिळाला. माझी फाइल तेवीस वेळा उघडलेली. बावीस नोंदी सर्जरी, लॅब आणि बिलिंगच्या, सगळ्या कामाच्या. तेविसावी सोमवारी रात्री २ वाजून ४० मिनिटांची, तिसऱ्या मजल्यावरचा संगणक, पान बायोप्सी रिपोर्ट.

लॉगिन माझं.

त्या रात्री मी घरी झोपले होते. मागच्या वर्षी तिसऱ्या मजल्यावर पंधरा दिवस बदलीवर होते, तेव्हा घाईत पासवर्ड सांगितला होता. नंतर बदललाच नाही. नोंदविभाग, तुमच्या प्रश्नाचं उत्तर "नाही" असं आहे. आमच्याकडे सकाळी कुणीतरी लॉगिन करतं आणि तिन्ही पाळ्या त्यावरच चालतात.

नोंदविभाग :
तरीही ही नोंद सोडू नका. तुम्ही रजेवर होतात याचा कागद आणि ही ओळ एकत्र जोडून द्या. त्या लॉगिनने त्या रात्री आणखी कुणाकुणाच्या फाइल्स उघडल्या, तेही तपासायला सांगा. त्या पेशंटना अजून काहीच माहीत नसेल, आणि नोंदीत नाव तुमचं आहे. पासवर्ड आजच बदला.

रात्रपाळी :
तुमचं वाचलं आणि लगेच बदलला. आज ड्युटीवर दर वेळी संगणकापासून उठताना लॉगआउट केलं. दुपारी एका सिस्टरने "तुझाच चालू ठेव ना" म्हटलं, तेव्हा तिला बाजूला घेऊन माझी तेविसावी नोंद दाखवली. तिने स्वतःचा पासवर्ड टाकला. उद्या अर्ज देते, त्या रात्रीच्या सगळ्या फाइल्सचा.