मदत हवी आहे : धूम्रपान सोडलेल्या व्यक्तीने बीटा-कॅरोटीन असलेली अँटिऑक्सिडंटची गोळी घ्यावी का?

माझ्या वडिलांचे वय ७२ असून त्यांनी धूम्रपान सोडून बरीच वर्षे झाली आहेत. दृष्टिपटलाच्या मध्यभागाची झीज, म्हणजे मॅक्युलर डिजनरेशन, मध्यम टप्प्यावर असल्याने नेत्रतज्ज्ञांनी त्यांना ल्युटीन, झिॲक्झांथिन, जस्त आणि क व ई जीवनसत्त्वे असलेली गोळी लिहून दिली आहे. तिच्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. मात्र एका हितचिंतकांनी आग्रहाने आणून दिलेल्या दुसऱ्या कॅप्सूलच्या वेष्टनावर, बारीक अक्षरांत, बीटा-कॅरोटीन (गाजरासारख्या भाज्यांतले नारिंगी रंगद्रव्य, ज्यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनवते) १५ मिलिग्रॅम आणि ई जीवनसत्त्व ४०० युनिट असे छापलेले आढळले, आणि तिथेच मी अडलो आहे.

वाचनात आले ते असे. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या चाचणीत, ज्यांना रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन दिले गेले त्यांच्यात फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण १८ टक्क्यांनी अधिक आढळले. हा निष्कर्ष १९९४ साली प्रसिद्ध झाला. त्यानंतर अमेरिकेत बीटा-कॅरोटीन आणि अ जीवनसत्त्व एकत्र देऊन केलेली चाचणी अशाच कारणाने मुदतीआधी थांबवावी लागली. डोळ्यांच्या गोळीच्या मूळ सूत्रातही १५ मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन होते, पण २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ते घेणाऱ्यांमध्ये, विशेषतः पूर्वी धूम्रपान केलेल्यांमध्ये, फुप्फुसाचा कर्करोग अधिक दिसल्याने त्याऐवजी ल्युटीन व झिॲक्झांथिन सुचवले गेले. म्हणजे नेत्रतज्ज्ञांनी जे जाणीवपूर्वक टाळले, तेच दुसऱ्या डबीतून मागच्या दाराने घरात आले, असा माझा समज झाला आहे. तो बरोबर आहे का?

दुसरी शंका मात्रेची आहे. दोन्ही गोळ्यांत प्रत्येकी ४०० युनिट ई जीवनसत्त्व आहे आणि वडील रक्त पातळ करणारे औषधही घेतात. ई जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेने रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो हे ठाऊक आहे. पण डोळ्यांच्या गोळीतील ४०० युनिटही त्यांच्या बाबतीत पुनर्विचारास पात्र ठरतात का, हे कोणी औषधशास्त्राचे जाणकार सांगू शकतील का?

तिसरा प्रश्न थोडा तात्त्विक आहे, पण घरात वाद त्यावरूनच होतो. मुक्त कण (फ्री रॅडिकल), म्हणजे पेशींना इजा करू शकणारे आणि अँटिऑक्सिडंट ज्यांना निष्प्रभ करतात ते अस्थिर रेणू, हे निव्वळ शत्रू, असे हितचिंतकांचे म्हणणे. वास्तविक पांढऱ्या पेशी जंतू मारण्यासाठी तेच कण वापरतात. शिवाय २००९ सालच्या एका प्रयोगात रोज १००० मिलिग्रॅम क आणि ४०० युनिट ई घेणाऱ्यांना, व्यायामाने इन्सुलिनच्या परिणामकारकतेत होणारी सुधारणा मिळाली नाही. वडील नियमित चालतात, म्हणून हे मला महत्त्वाचे वाटते. भाज्या-फळांतून मिळणारे हेच घटक निर्धोक आणि गोळीतले अपायकारक, हा फरक केवळ मात्रेचा की सोबतच्या इतर घटकांचाही, हे हितचिंतकांना पटेल अशा भाषेत कसे सांगावे?

तूर्त दुसरी कॅप्सूल बंद ठेवली आहे. पुढच्या भेटीत दोन्ही वेष्टने डॉक्टरांना दाखवणारच आहे. त्याआधी त्यांना आणखी काय विचारावे, तेही सुचवावे.