कलिंगा बायकांचा ‘काइन’: नेसतात की घालतात?

ताणाबाणा:
फिलिपिन्सच्या हातमागावरच्या कापडांचं एक प्रदर्शन आहे, त्याचा मजकूर मी मराठीत करतेय. उत्तर लुझॉनमध्ये कॉर्डिलेराच्या डोंगरात कलिंगा लोक राहतात. त्यांच्या बायका कमरेला जे गुंडाळतात ते ‘काइन’. फिलिपिन्सभर चालणारा शब्द ‘टापिस’. मी लिहिलं होतं, ‘गुडघ्यापर्यंत नेसायचं वस्त्र’. तपासणाऱ्या बाईंनी ते खोडून ‘घागरा’ केलं आणि ‘नेसतात’चं ‘घालतात’. घागऱ्याला घेर असतो, नाडी असते. हा सपाट, लांबट तुकडा आहे. लाल जमीन, गडद निळे पट्टे, वर शिंपल्याच्या चकत्या टाचलेल्या. समोरच्या फोटोत मधोमध आडवी शिवण दिसते. माग कमरेला पट्टा बांधून चालवायचा, म्हणून पन्हा लहान, आणि दोन पन्हे जोडल्याशिवाय उंची पुरत नाही. ती शिवण लपवलेली नाही, उलट तिच्यावरच रंगीत दोऱ्याचं भरतकाम केलंय. याला मराठीत काय म्हणू?

मुळाक्षर:
‘कटिवस्त्र’. नेमका आणि आपला शब्द आहे. नाहीतर ‘अधोवस्त्र’.

साळ्याची_नात:
मुळाक्षर, ‘अधोवस्त्र’ म्हटलं की आज लोकांना आतले कपडे आठवतात. आमच्या घरी माग होता. आजी ‘नेसूचं’ म्हणायची. ‘नेसूचं वाळत घाल’, ‘नेसूचं फाटलं’. लुगडं असो की पंचा, कमरेला गुंडाळलं की ते नेसूचं. ताणाबाणाताई, तुम्ही हाच शब्द घ्या.

पारवा:
लुंगी का नको? सगळ्यांना कळते.

साळ्याची_नात:
कळते, पण डोळ्यांपुढे पुरुष येतो.

पारवा:
फिलिपिन्सच्या दक्षिणेकडच्या मिंदानाओ बेटावरचे मारानाओ लोक ‘मालोंग’ वापरतात, तो बायका आणि पुरुष दोघंही नेसतात. तो तर दोन्ही टोकं शिवून नळीसारखा केलेला असतो. म्हणजे ‘न शिवलेलं ते नेसायचं’ हा नियमही टिकत नाही.

मुळाक्षर:
नियम शिवण्याचा नाहीच, गुंडाळण्याचा आहे. शिवलेली लुंगीसुद्धा आपण नेसतोच. ‘नेसणे’ संस्कृत ‘नि + वस्’वरून आला, ‘निवसन’ म्हणजे वस्त्र. कमरेखाली नेसायचं, खांद्यावरून पांघरायचं, शिवलेलं अंगात घालायचं. एवढा बारीक भेद आपल्या क्रियापदांत आहे आणि आपणच तो पुसतोय, याचं मला फार वाईट वाटतं.

खळं:
मग परकर? लहानपणी मी ‘परकर घातला’ म्हणाले की आई दुरुस्त करायची, ‘परकर नेसला म्हण’. परकराला नाडी असते, चुण्या असतात, गुंडाळायचा प्रश्नच नाही.

पारवा:
आमच्याकडे ‘परकर घातला’च म्हणतात. ‘नेसला’ कधी ऐकलं नाही.

मांडवी:
गोव्याहून लिहितेय. कोंकणीत ‘कपडे न्हेसप’ म्हणजे कपडे घालणंच, गुंडाळायचे असोत वा शिवलेले. तेव्हा ‘नेसणे म्हणजे गुंडाळणेच’ हे मराठीपुरतं म्हणा. आणि फिलिपिन्सच्या भाषांच्या कुळातल्या मलय भाषेशी आपलं नातं शोधायला लांब जायला नको. मांडो हे आमचं नाचगाणं, ते गाताना आमच्या ख्रिस्ती बायका ‘पानो-भाजू’ हा पेहराव करत. पानो हा पोर्तुगीज शब्द, त्याचा अर्थ कापड. भाजू म्हणजे मलय ‘बाजू’, अंगरखा. मलय भाषेत ‘काइन’चा अर्थही कापडच!

मुळाक्षर:
मलय ‘बाजू’ मूळ फारसी, आपल्या ‘बाजूबंद’मधला बाजू तोच, असं मी वाचलंय.

ताणाबाणा:
हे सगळं वाचून बरं वाटलं, पण माझा शब्द अडकलेलाच आहे. आणखी एक पेच म्हणजे फिलिपिन्सच्या मुख्य भाषेत, टागालोगमध्ये, ‘काइन’ म्हणजे जेवणं. म्हणून प्रदर्शनवाल्यांना सगळीकडे ‘टापिस’ हवंय.

खळं:
टापिस तर सपाटीवरच्या टागालोग बायका स्पॅनिश काळात ‘साया’वरून, म्हणजे पायघोळ स्कर्टावरून गुंडाळायच्या. कॉर्डिलेरातल्याच बोंतोक बायकांच्या वस्त्राला ‘लुफिद’ म्हणतात. सगळ्यांना टापिस म्हणणं आणि सगळ्यांना घागरा म्हणणं, चूक एकच.

पारवा:
ही कापडं केळीच्या धाग्याची असतात ना?

ताणाबाणा:
तो ‘त’नालाक’. दक्षिणेला मिंदानाओत लेक सेबूच्या त’बोली बायका आबाकाच्या, म्हणजे केळीच्या भावकीतल्या झाडाच्या, धाग्याचा विणतात. विणायच्या आधी धागे गाठी मारून रंगवतात. नक्षी स्वप्नात दिसते अशी त्यांची श्रद्धा. तिथल्या लांग दुलाय यांना 1998 मध्ये राष्ट्रीय सन्मान मिळाला होता. कलिंगांचं काम सुताचं.

उद्या मजकूर जातोय. ‘नेसतात’ मी परत लिहिलंय, त्यावर हटणार नाही. ‘काइन’ तसाच ठेवून पुढे ‘नेसूचं’ जोडलंय. बाई ते ठेवतील का, बघू.

खळं:
ठेवायलाच हवं. पण परकराचं कुणी सांगितलंच नाही. विदर्भात काय म्हणतात, नेसला की घातला?