मदत हवी आहे: मिश्र घटनांचं नॉर्मलायझेशन कुठे करू?

पुण्यात एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी सर्नच्या अ‍ॅलिस प्रयोगाच्या २०१० च्या खुल्या डेटावर (शिसं-शिसं टकरी, २.७६ टेराइलेक्ट्रॉनव्होल्ट) दोन कणांचे सहसंबंध काढतोय. मिक्सिंग, म्हणजे तुलनेसाठी वेगवेगळ्या टकरींतले कण जोडणं (मिश्र घटना), शिरोबिंदू (टक्कर झाली ती जागा) आणि सेंट्रॅलिटी (टक्कर किती समोरासमोर झाली) यांच्या कप्प्यांतच केलंय.

डेल्टा-ईटा, डेल्टा-फाय (दोन कणांच्या दिशांतला फरक: बीमच्या रेषेशी आणि बीमभोवती) दोन्ही शून्य असतील तिथे एक-दोन बिनांचा (आलेखाच्या कप्प्यांचा) खोल खड्डा पडत होता, बहुधा ट्रॅक (कणांचे मार्ग) एकमेकांत मिसळल्याने. टीपीसीच्या (ट्रॅक टिपणारा डिटेक्टर) वेगवेगळ्या त्रिज्यांवर अंतर मोजून फार जवळच्या जोड्या गाळल्या, मिश्र घटनांतूनही. चुंबकीय क्षेत्राचं चिन्ह तपासलंय. पण आता मिश्र वितरणातच शून्यापाशी भोक पडलंय, आणि जिथली उंची १ धरून नॉर्मलाइझ करायचं ती जागा नेमकी तीच! बिन मोठे केले तर खड्डा दिसत नाही, पण ती स्वतःच्याच डोळ्यांत धूळफेक. मोंटे कार्लो (टकरींची संगणकी नक्कल) चालवण्याएवढी मशीन नाही.

डेल्टा-ईटा शून्यच ठेवून डेल्टा-फाय π (१८० अंश) च्या आसपासच्या बिनांवर नॉर्मलाइझ केलं तर चालेल का?