'शोषण' : हाडाचे की हाडाने केलेले?

प्रश्न : परावटु (पॅराथायरॉईड) ग्रंथीवरील शस्त्रक्रियेच्या माहितीपत्रकाचा अनुवाद करताना मी एका ओळीत 'हाडांचे शोषण थांबते' असे लिहिले आणि पुढच्याच ओळीत 'स्कॅनमध्ये हाडांतील शोषण वाढलेले दिसू शकते' असे लिहून बसलो. आता रुग्णाने यातून काय समजावे?

उत्तर : दोन उलट क्रियांना आपण एकच शब्द दिला आहे. पहिल्या ओळीत हाड शोषले जाते, म्हणजे या ग्रंथीच्या संप्रेरकाच्या (हार्मोनच्या) अतिरेकामुळे त्यातले कॅल्शियम रक्तात ओढले जाते. दुसरीत हाड स्वतःच स्कॅनसाठी दिलेले टेक्नेशियमयुक्त (किरणोत्सारी) औषध टिपून घेते. हे औषध नवे हाड घडत असते तिथे अधिक साचते, त्यामुळे ग्रंथी काढल्यावर काही महिने स्कॅन अधिक गडद दिसला, तरी तेवढ्यावरून आजार बळावला असे म्हणता येत नाही.

पहिल्या क्रियेसाठी मी 'विरणे' सुचवेन. जुने धोतर फाटण्याआधी विरते, तशी या आजारात तर्जनी आणि मध्यमा यांच्या मधल्या पेरांची अंगठ्याकडील कड एक्स-रेमध्ये विरलेली, दातेरी दिसते. शस्त्रक्रियेनंतर ती पुन्हा रेखीव होऊ लागते, आणि त्याला 'भरून येणे' हा जखमेचा शब्द चपखल बसतो. दुसऱ्या क्रियेला 'ग्रहण' म्हणावे.

प्रतिसाद : 'विरणे' पटले. 'ग्रहण' मात्र नको, कारण ते वाचून आधी सूर्य आठवतो आणि पुढे 'ग्रहण लागले' हेही आठवते. 'टिपणे' बरे, तो शब्द आपणही वर वापरलाच आहे. या आजारात हाडात होणाऱ्या 'ब्राऊन ट्यूमर'साठी 'तपकिरी अर्बुद' लिहिले असेल, तर तेही बदलावे. तो कर्करोग नव्हे. विरलेल्या जागी झालेल्या रक्तस्रावातील लोहाने त्याला तो रंग येतो आणि शस्त्रक्रियेनंतर ती जागा बहुधा कठीण हाडाने भरून एक्स-रेत पांढरी दिसते.

शस्त्रक्रियेनंतरच्या 'हंग्री बोन' या अवस्थेला 'क्षुधित अस्थी' असा संस्कृत मुकुट चढवू नये. 'भुकेले हाड' म्हटले की रक्तातले कॅल्शियम हाड भराभर घेते आणि म्हणून ओठांभोवती मुंग्या येतात, हे समजावणे सोपे जाते.

प्रश्नकर्ता : 'टिपणे' मान्य. आता ओळी अशा : 'हाडे विरणे थांबते. ती भरून येत असताना स्कॅनचे औषध काही काळ अधिक टिपतात.'